दार लावून विचारायचा प्रश्न

शहापुरात विणकराच्या घरी जन्मलो, कपाळाला चौडेश्वरीचा अंगारा लावून रोज घराबाहेर पडलो, आणि सव्वीस वर्षं बेळगावच्या कॅम्पात पाद्र्यांच्या कचेरीत मुनशी म्हणून राबलो. हे ऐकलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. "तुम्ही बाटलात काय?" आणि मग आवाज बारीक करून, "सिस्टरांच्या मठात आत काय काय चालतं हो?" पहिल्याचं उत्तर, नाही. दुसऱ्याचं उत्तर असं की आत पहाटे उठणं चालतं, प्रार्थना चालते, भांडी घासणं चालतं, आणि कोण कोणाकडे बघून हसलं नाही यावरून कुरबुर चालते. एवढं ऐकून विचारणाऱ्याचं तोंड उतरतं. त्याला भुयारं हवी असतात.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी कामातले अनुभव मागितले तेव्हा मी आधी नकोच म्हटलं होतं. आता दमलो आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, आणि जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं इकडची तिकडे केल्यामुळे स्वतःचं वाक्य लिहायचं म्हटलं की हात अडतो. पण एक गोष्ट बरीच वर्षं घशात अडकून आहे. ती सांगायची तर आधी माझं काम काय होतं ते सांगायला हवं.

सकाळी नव्यानं आलेल्या परदेशी फादर-सिस्टरांना मराठी शिकवायचं. दुपारी कचेरीत बसून मराठी आणि कानडी अर्ज इंग्रजीत उतरवायचे. बिशपसाहेब दूरच्या शहरात राहत. त्यांच्या वतीनं मठांची तपासणी करायला एक फादर येत, त्यांना आम्ही व्हिजिटर फादर म्हणत असू. उंच, दाढीवाले, मराठी फक्त 'बसा' आणि 'पाणी' एवढंच. ते आले की मी त्यांची जीभ.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बिशप म्हणजे सगळ्यांचा धनी, बोट दाखवील ते होईल. तसं नसतं. बिशप हा गावचा पाटील समजा, आणि सिस्टरांचा संघ म्हणजे गावातलं एक खटल्याचं घर. घराची कर्ती वेगळी. आमटीत काय घालायचं, कोणी कुठे झोपायचं, हे पाटलानं विचारायचं नाही. पण काही मोजक्या बाबतींत त्या घरानं पाटलासमोर यायचंच. सिस्टरांचा कबुलीजबाब, म्हणजे त्यांनी दिलेली आपल्या पापांची कबुली, कोणत्या पाद्र्यानं ऐकायची हे बिशप ठरवणार, कर्ती नाही. वर्षातून चारदा बाहेरचा एक निराळा पाद्री पाठवणार, म्हणजे घरच्या पाद्र्याकडे बोलता न येणारं कुणाला बोलायचं असेल तर बोलता यावं. आणि ठरावीक वर्षांनी व्हिजिटर येऊन प्रत्येक सिस्टरला एकटीला बसवून विचारणार, बाई, काय दुखतंय खुपतंय?

या एकटीला विचारण्याच्या कार्यक्रमात मी कितीतरी दुपारी घालवल्या आहेत. एका म्हाताऱ्या कामकरी सिस्टरनं पाऊण तास एकच तक्रार सांगितली, की आमटीत चिंच घालत नाहीत. मी ती पाऊण तास इंग्रजीत सांगितली. फादरनी गंभीर चेहऱ्यानं टिपून घेतली आणि विचारलं, "चिंच ही यांच्या धर्मात आवश्यक आहे का?" मी म्हटलं, "फादर, चिंच इथे कुठल्याही धर्मात आवश्यक आहे."

अर्जदारही एकेक नग यायचे. कोगनोळीचा एक म्हातारा बैलगाडी जुंपून आला होता. त्याची नात सिस्टर व्हायला मठात राहिली होती, आणि त्याला बिशपकडून हुकूम हवा होता, तिला घरी पाठवून द्या म्हणून. फादरनी विचारलं, मुलीची काय इच्छा आहे? मी विचारलं. म्हातारा माझ्याकडेच रागानं बघायला लागला.

"मुनशीसाब, तुमी आमच्यातलंच न्हवं? पोरीस्नी कवा इचारत्यात व्हय?"

"इथं इचारत्यात आजोबा."

"मग हितलं लोक खुळं हाईत," असं म्हणून तो उठला. मी फादरना ते सांगितलं आणि आम्ही दोघं मनसोक्त हसलो. मला तेव्हा फार मोकळं वाटलं होतं, जसा काही मी त्या म्हाताऱ्याच्या मुलखातलाच नव्हे.

तर तो विचारण्याचा कायदा. हा माझ्या कामातला सगळ्यात नाजूक भाग. कुठल्याही मुलीला सिस्टरचं व्रत घ्यायचं असलं, की मदर सुपीरियरनं, म्हणजे मठाच्या कर्तीनं, दोन महिने आधी बिशपला कळवायचं. मग बिशपनं किंवा त्याच्या माणसानं येऊन त्या मुलीला एका खोलीत, दार लावून, मदरला बाहेर ठेवून विचारायचं. तू आपल्या मनानं हे करते आहेस का? कुणी भाग पाडलंय का? भीड घातलीय का? आपण कशाला हो म्हणतोय हे तुला कळतंय का? पहिलं व्रत तीन वर्षांचं. ती संपली की जन्माचं व्रत, पण त्याआधी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा दार लावून. या कामात मदरचा किंवा बिशपचा मान आड येत नाही. कोणी मुलीला जबरदस्तीनं व्रत घ्यायला लावलं तर त्याला धर्माबाहेर काढतात, मग तो कितीही मोठा असो.

शिकलेल्या सिस्टरांना इंग्रजी यायचं, त्यांच्यासाठी माझी गरज नव्हती. पण स्वयंपाक, धुणं, बाग बघणाऱ्या कामकरी सिस्टर मराठी मुलखातल्या. त्यांच्यासाठी दुभाष्या हवा, आणि तो मठातला नको, नाहीतर मुलगी मोकळेपणानं बोलणार कशी? म्हणून हिंदू असूनही मी. किंबहुना हिंदू म्हणूनच मी. फादरनी माझ्याकडून गुपिताची शपथ घेतली. बायबलवर हात ठेव म्हणाले नाहीत. "तुझा देव कोणता, त्याची घे," म्हणाले. मी चौडेश्वरीची घेतली. त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल जो आदर वाटला तो आजही आहे.

आता मार्थाची गोष्ट. हे तिचं खरं नाव नाही.

निपाणीकडच्या एका खेड्यातली ही मुलगी. इन्फ्लुएंझाच्या साथीत आईबाप, थोरला भाऊ, सगळे आठवड्याभरात गेले. नऊ-दहा वर्षांची असताना कोणीतरी तिला मठाच्या अनाथालयाच्या दारात आणून सोडली. मदरनं तिला वाढवली. खोटं कशाला सांगू, आईनं वाढवावं तशी वाढवली. ताप आला तर मदर स्वतः उशाशी बसायची. मार्था मोठी झाली, स्वयंपाकघरात रमली, आणि ती सिस्टर होणार हे सगळ्यांनी असं धरून चाललं, जसं आपण धरतो की गायीचं वासरू गोठ्यातच बांधायचं. तिनं हो म्हटलं होतं की नाही हे कोणाच्या ध्यानातही नव्हतं.

ती एकोणीस-वीस वर्षांची असताना पहिल्या व्रताची वेळ आली. पार्लर म्हणजे मठाची भेटीची खोली. मध्ये टेबल, एका बाजूला फादर, त्यांच्या शेजारी मी, समोर मार्था. मदर दार ओढून बाहेर गेली. फादरनी प्रश्न वाचला. मी तो मराठीत, तिला कळेल असा विचारला.

"पोरी, तू हे आपल्या मनानं करतीस का? तुला कुणी भरीला घातलंय का?"

मार्थानं मान खाली घातली. पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. बोलली काही नाही.

मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. कान लाल झाले होते.

फादर म्हणाले, "ती बोलत नाही. याचा अर्थ काय?"

मी क्षणभरही न थांबता सांगितलं, "फादर, आमच्याकडे मुली अशाच हो म्हणतात. लग्नाचं विचारलं तरी मान खाली घालतात. तोंड वर करून हो म्हणणारी मुलगी आगाऊ समजतात."

मी हे काही लबाडीनं सांगितलं नाही. मला तसंच वाटत होतं. आमच्या पेठेत मी पंधरा-वीस सोयरिकी जमवल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी मुलीची मान खाली गेली की बायका म्हणायच्या, "लाजली गं लाजली," आणि पेढे यायचे. शास्त्रीबुवाही वर सांगायचेच, मौनं संमतिलक्षणम्. फादरनी माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं आणि लिहिलं, 'मुलगी स्वखुशीनं व्रत घेत आहे.' खाली माझी सही, दुभाष्या म्हणून. पंधरा दिवसांनी तिचं व्रत झालं. मठात गोड भात केला होता. मीही जेवलो.

त्यानंतर वर्षभरानं मी माझ्या सुंद्राचं लग्न केलं. माझी एकुलती एक मुलगी. स्थळ निपाणीचं, सुताचे व्यापारी, घरात बरं. पाहुणे बैठकीत बसलेले असताना मी आत जाऊन तिला विचारलं, "काय गं, पसंत हाय न्हवं?" विचारलं म्हणजे काय, पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. तिनं मान खाली घातली. मी हसत बाहेर आलो.

दीड वर्षानं ती माहेरी आली ती एकटीच, मोटारीतून, डोक्यावर पदर घट्ट ओढून. दंडावर वळ होते. जावई प्यायचा आणि मारायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो खराच असतो हे मी तिच्या दंडावर बघितलं. मी जावयाला शिव्या दिल्या, व्याह्यांना शिव्या दिल्या, मध्यस्थाला दिल्या. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली,

"आप्पा, त्येंच्यावर कशाला रागावता? मला ह्ये स्थळ नको हुतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"कुणाला बोलू? पावनं भाईर बसलेले. तुमी दारात हुबारून इचारलासा. मी गप बसले, तर तुमीच भाईर जाऊन सांगितलासा, पोरगी व्हय म्हनती."

माझ्या डोळ्यांसमोर एकदम पदराचं टोक आलं. बोटाला गुंडाळलेलं, सोडलेलं, पुन्हा गुंडाळलेलं. पण ते सुंद्राचं नव्हतं.

त्या रात्रीपासून माझी झोप गेली. फादरना पत्र लिहावं तर ते त्यांच्या देशी रजेवर गेलेले. मदरला सांगावं तर शपथ आड येत होती. मग मी ठरवलं, तिची तीन वर्षं संपतील तेव्हा प्रश्न पुन्हा विचारायचाच आहे, तोवर थांबायचं. सहा महिने थांबलो. या काळात मठात शिकवायला गेलो की मार्था स्वयंपाकघराच्या खिडकीत दिसायची. मला बघून हसायची. त्या हसण्याचाही अर्थ लावायची मला आता भीती वाटायची.

सुंद्रा आमच्याकडेच होती. निपाणीहून निरोपावर निरोप येत होते.

शेवटी मदरचं पत्र गेलं, व्हिजिटर फादर आले, दिवस ठरला. आत जाण्यापूर्वी व्हरांड्यात मी फादरना थांबवलं आणि म्हटलं, "फादर, तीन वर्षांपूर्वी ही मुलगी हो म्हणाली नव्हती. ती काहीच म्हणाली नव्हती. हो मी म्हणालो होतो."

फादरांचा चेहरा पांढरा पडला. या कायद्यात इच्छेशिवाय घेतलेलं व्रत हे व्रतच नसतं. म्हणजे तीन वर्षं ती मुलगी जे जगली ते काय, आणि खाली सही कुणाची.  ते म्हणाले, "मुनशी, तुम्हाला मी भाषेसाठी ठेवलं होतं. तिनं काय म्हणावं यासाठी नाही." थोड्या वेळानं पुढे म्हणाले, "आणि मी लिहिलं. मला मौन ऐकू आलं होतं, तरी लिहिलं." एवढं बोलून ते आत गेले.

तेच टेबल. मदर दार ओढून बाहेर गेली. फादरनी प्रश्न वाचला, मी विचारला. मार्थाची मान खाली गेली. बोटं पदराकडे गेली.

"मार्था," मी म्हटलं, "आज मान खाली घालून भागायचं न्हाय. व्हय असंल तर व्हय म्हन, न्हाय असंल तर न्हाय म्हन. तू बोलल्याबिगर हे साहेब एक अक्षर लिवनार न्हाईत, आन मी एक अक्षर सांगनार न्हाय. संध्याकाळ झाली तरी बसू."

 फादरनी लेखणी टेबलावर ठेवून दिली, तिला दिसेल अशी.

"मदरनी मला जगवलंय," ती शेवटी म्हणाली.  "मी न्हाय म्हटलं तर त्येंनी काय म्हनायचं? खाल्ल्या अन्नाला जागली न्हाय म्हनतील."

मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. फादर म्हणाले, "तिला सांगा, उपकार फेडण्यासाठी दिलेलं व्रत देवाला नको आहे. तिला काय हवंय?"

मी सांगितलं. तिनं मान वर केली. माझ्याकडे नाही, फादरांकडे बघून बोलली, त्यांना मराठी येत नव्हतं तरी.

"मला हितं ऱ्हायाचं न्हाय. मला माझं सोताचं घर पायजे. मला लेकरं पायजेत. न्हाय, न्हाय, न्हाय."

तीनदा का म्हणाली कोण जाणे. कदाचित मागचे दोन नकार राहिले होते म्हणून. मी इंग्रजीत तीनदाच सांगितलं.

तीन वर्षांची मुदत संपतच होती, त्यामुळे कायद्यानं ती मोकळी होती. मदरला बोलावून सांगितलं तेव्हा ती आधी खुर्चीत बसून रडली. मग उठली, मार्थाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "वेडी. मला का नाय सांगितला?" मार्था म्हणाली, "तुमी आई हाईसा, म्हनून." पुढे मदरनंच खटपट करून जवळच्या मच्छे गावातल्या एका ख्रिस्ती सुताराच्या घरी तिचं लग्न लावून दिलं. मागच्या वर्षी ती मला खडेबाजारात भेटली, थोरल्या सुनेबरोबर. मी विचारलं, तुझी हकिगत लिहू का, माझ्यावर शपथ आहे. हसली. "लिवा की मुनशीमामा. फकस्त एवढं लिवा, माझं मीच बोलले म्हनून." ते लिहिलं आहे.

इथे थांबता आलं असतं. मुनशीनं चूक केली, मुनशीनं निस्तरली. दिवाळी अंकाला शोभलं असतं.

पण त्या दिवशी मी कॅम्पातून घरी पायी आलो. छाती भरून आली होती. फादरनी निघताना माझा हात हातात घेतला होता, त्याची ऊब अजून होती. शपथेमुळे कोणाला सांगता येत नव्हतं, तरी वाटत होतं की आज आपण एक काम केलं.

घरासमोर निपाणीची गाडी उभी होती. जावयाचा थोरला भाऊ सुंद्राला न्यायला आला होता. बरोबर गल्लीतली चार वडीलधारी माणसं बैठकीत बसवली होती. पुन्हा हात लावणार नाही असा जावयाचा शब्द आणला होता. त्यांतले एक जण म्हणाले, "पोरगी सा म्हैने म्हायेरात. धाकट्या चुलतबहिनींची लग्नं व्हायची हाईत अजून. इचार करा." दुसरे म्हणाले, "संसारात भांड्याला भांडं लागायचंच." मी नेहमीच्या जागी बसलो आणि मान हलवत राहिलो. बायकोनं आत गाठोडं बांधायला घेतलं होतं. कोणी ठरवलं कळलं नाही. ठरलेलंच होतं.

सुंद्रा आजही निपाणीतच असते. लोक म्हणतात, बरं चाललंय.

त्या दिवशी मी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा ती चुलीजवळ उभी होती. नेसूनसवरून तयार. मधलं दार तिनं स्वतःच पुढे होऊन लोटलं. मग माझ्यासमोर आली. मान खाली नव्हती.

"आप्पा," ती म्हणाली, "आता दार लावलंय. एकदा इचारा की मला."

बाहेरून कोणीतरी हाक मारली, "आटपा, उशीर हुतोय." मी तांब्या खाली ठेवला.

मी विचारलं नाही. उत्तर मला ठाऊक होतं.